घडी पडलेले कागद

सोमवार, दि. ४

वस्तुस्थिती क्रमाने नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी तिची मोडतोड करू नये.

एक. आमच्या विद्यालयातील प्रगत गणिताचा वर्ग मी अकरा वर्षांपूर्वी सुरू केला. विद्यापीठात गणित किंवा अभियांत्रिकी शिकायचे असेल, तर या वर्गावाचून गत्यंतर नाही.

दोन. जागा चोवीस.

तीन. प्रवेशासाठी सात प्रश्न घरी सोडवायला दिले जातात आणि आठ दिवसांत उत्तरपत्रिका आणून द्यायची असते. प्रश्न मी काढतो. तपासतोही मीच.

चार. उत्तरपत्रिकेवर घडी असल्यास ती तपासली जात नाही. हा नियम माझा. ज्याला कागद सपाट राखता येत नाही, त्याला विचार नीट राखता येतील यावर माझा विश्वास नाही.

पाच. गोदामांपलीकडच्या वस्तीतून आमच्याकडे दर वर्षी तीसेक मुले येतात. अकरा वर्षांत त्यांतील एकही या वर्गात बसलेले नाही.

सहा. नव्या मुख्याध्यापिकाबाईंनी आज मला बोलावून पाचव्या मुद्द्याचे कारण विचारले.

“मी कोणाला अडवलेले नाही,” मी म्हणालो. “अर्ज सर्वांना खुला आहे.”

“मग हे काय असेल, सर?” त्यांनी एक पत्र पुढे सरकवले.

पत्र वस्तीतील एका बाईचे होते. मुलगी आमच्याकडे शिकते, आई कपड्यांच्या कारखान्यात कापड कापते. मजकूर चार ओळींचा: ‘माझ्या मुलीचा पेपर तपासला का? तपासला असेल तर मार्क सांगा. नसेल तर कारण सांगा. उत्तर लेखी द्या.’

ना मायना, ना विनंती. ‘उत्तर लेखी द्या’ हे तर मला सरळ उद्धट वाटले. अधिकाऱ्याने कारकुनाला लिहावे, तसे. मुख्याध्यापिकाबाईंनी मात्र या वर्षी नाकारलेल्या प्रत्येक अर्जाचे कारण एका ओळीत मागितले आहे. यादी वीस तारखेला कायम होणार आहे, तिच्या आत.

एक किरकोळ निरीक्षण: पत्राला दोन घड्या होत्या. मी सवयीने पट्टी लावली. नव्व्याण्णव मिलिमीटर, नव्व्याण्णव, नव्व्याण्णव. योगायोग असावा.

मंगळवार, दि. ५

कपाट उघडले. नाकारलेल्या उत्तरपत्रिका मी फेकत नाही. वर्षवार गठ्ठे आहेत, प्रत्येकावर चिठ्ठी. या वर्षीच्या घडीमुळे अपात्र ठरलेल्या नऊ. आधीच्या दहा वर्षांच्या बत्तीस. एकूण एक्केचाळीस.

माझी पद्धत अशी, की पत्रिका हातात आली की वरच्या आणि शेवटच्या पानावरून तळहात फिरवायचा. घडी हाताला लागतेच, डोळ्यांनी बघावी लागत नाही. लागली की लाल शाईने ‘घडी. अपात्र.’ आणि पुढची घ्यायची. आत पाहण्याचा मोह होऊ नये म्हणून मी आत पाहत नाही. यापेक्षा निःपक्षपाती पद्धत मला माहीत नाही.

पत्ते पाहिले. एक्केचाळीसपैकी अडतीस गोदामांपलीकडचे. विचित्र प्रमाण आहे. त्या भागात टापटिपीचे वळण लागत नसावे.

गठ्ठे उतरवायला शिपाईमामा आले होते. जाता जाता म्हणाले, “सर, त्या बसमध्ये एका पायावर उभं राहायला मिळालं तरी नशीब. आणि प्लास्टिकची फाइल सगळ्यांच्या घरी असते का?” उत्तरपत्रिकांशी बसचा काय संबंध, हे मला समजले नाही. तसे सांगितलेही. ते “बरोबर आहे, सर” म्हणून गेले. माझ्या बोलण्याला लोक इतक्या चटकन होकार का देतात, कोण जाणे.

गुरुवार, दि. ७

आठ अर्जांची कारणे लिहून झाली. सर्वांना एकच ओळ. नववी पत्रिका त्या पत्रवाल्या बाईच्या मुलीची. बाई लेखी उत्तर मागते, म्हणून घड्यांची संख्याही नोंदवावी असे ठरवले. अचूक उत्तर द्यायचे, तर पुरते अचूक.

पत्रिकेच्या शेवटच्या पानावर, उजव्या आणि डाव्या बाजूला, आठ घड्या होत्या. प्रत्येकीपाशी पेन्सिलीने बारीक आकडा: १, २, ३, असे आठपर्यंत. बाकी कागद काचेसारखा सपाट. खिशात कोंबलेल्या कागदाच्या घड्या अशा नसतात.

त्या पानावर सातव्या प्रश्नाचे उत्तर होते. हा प्रश्न माझा लाडका. एक द्वितीयांश, वजा एक चतुर्थांश, अधिक एक अष्टमांश, वजा एक षोडशांश, असे अखंड चालत राहिल्यास बेरीज किती? कारण द्या. मुले शिकवणीत पाठ केलेले सूत्र लिहितात, उत्तर ‘एक तृतीयांश’ येते, मी पूर्ण गुण देतो.

हिने सूत्र लिहिलेच नव्हते. लिहिले होते: ‘उत्तर एक तृतीयांश. कारण कागदावर आहे. घड्या नंबरप्रमाणे बघा.’

मी घड्या पाहिल्या.

पहिली बरोबर मध्यावर. दुसरी, डावी कड त्या घडीवर आणून घातलेली. म्हणजे डावीकडून एक चतुर्थांश. तिसरी, उजवी कड दुसऱ्या घडीवर आणून. उजवीकडून तीन अष्टमांश. चौथी पुन्हा डावीकडून, पाच षोडशांश. मी पट्टी घेतली. मग पट्टी ठेवून दिली, कारण पट्टीची गरजच नव्हती. माझ्या मालिकेतील एकेक पद मिळवत गेल्यावर जी बेरीज येते, तीच प्रत्येक घडी आपल्या कडेपासून दाखवत होती. उजवीकडच्या घड्या एका रेषेकडे सरकत होत्या, डावीकडच्या दुसरीकडे, आणि त्या दोन रेषा कागदाचे तीन सारखे भाग करत होत्या. मालिका माझ्यासमोर चालत चालत आपल्या घरी पोहोचली होती.

मी उठून उभा राहिलो. खोलीत दुसरे कोणी नव्हते.

शुक्रवार, दि. ८

आज तासाला माझे लक्ष नव्हते. तीस वर्षे मी ही मालिका फळ्यावर मांडली आहे. ती दिसू शकते, हे मला ठाऊक नव्हते.

पत्रिकेच्या तळाशी आणखी एक ओळ होती, काल नजरेतून सुटली. ‘पहिली घडी मध्यावर नसली तरी चालते. कुठेही घाला. शेवटी इथंच येते.’

हे मी विचारलेलेच नव्हते.

मी कोरा कागद घेतला आणि मुद्दाम, अगदी कडेला, मूर्खासारखी पहिली घडी घातली. मग तिच्या रीतीने एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. सहाव्या घडीला माझी चूक दिसेनाशी झाली. बीजगणिताने पडताळले: प्रत्येक घडीला चूक बरोबर निम्मी होते आणि बाजू बदलते. ती उरतच नाही. सिद्धता दोन ओळींत संपली. आजवर पाहिलेल्या सर्वांत सुंदर दोन ओळी.

संध्याकाळी ताईने पाहिले, तर जेवणाचे टेबल दुमडलेल्या कागदांनी भरलेले. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. इस्पितळात चौतीस वर्षे परिचारिका होती, आता माझ्याकडे असते.

“अरे, तू आणि घडी? ताप तर नाही ना आला?” तिने खरोखरच कपाळाला हात लावला. “शाळेतली पोरं तुला इस्त्रीसर म्हणतात, माहीत आहे ना?”

माहीत नव्हते.

मी तिला सगळे सांगितले. ऐकून ती कितीतरी वेळ कागद उलटसुलट करत राहिली. मग म्हणाली, “लहानपणी तुझी फाइल मी छातीशी धरून शाळेत न्यायचे, आठवतं? बाबा सांगायचे, त्याचे कागद चुरगळता कामा नयेत. माझी वही पिशवीत, डब्याखाली.”

“मग?”

“मग काय. गणिताच्या बाई म्हणायच्या, हुशार आहे पण गबाळी आहे.” तिने एक घडी घातली. नीट बसली. “गंमत आहे, नाही?”

ताईला गणिताची आवड होती, हे मला माहीत नव्हते. विचारायचे राहून गेले असावे.

शनिवार, दि. ९

मुलीला बोलावून घेतले. बारीक, उंच, नजर न चुकवणारी. अक्षर मात्र सुधारायला हवे.

“तुझ्या पत्रिकेवर घड्या होत्या.”

“हो, सर. सातव्याचं उत्तर.”

“घडी असलेली पत्रिका तपासली जात नाही. सूचनेत लिहिले आहे.”

ती थबकली. “म्हणजे मी नापास नाही झाले?”

“तपासलीच नाही.”

“सर, मी तो कागद आईच्या पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत घालून आणला. बसमध्ये डोक्यावर धरून. त्यावर एक घडी जास्तीची नव्हती.” तिचा आवाज चढला नाही. “मी घरी सांगितलं, मला येत नाही. महिनाभर तेच सांगत होते. आईच म्हणाली, येत नाही असं कोण म्हणालं, लेखी माग.”

मी विषय बदलला. हे माझ्याबाबतीत क्वचित घडते.

“ही रीत तुला कोणी शिकवली?”

“आईनं. पण मालिका तिला माहीत नाही. ती मी लावली.”

तिने ती ‘लावली’. हा शब्द मी दिवसभर घोळवतो आहे.

सोमवार, दि. ११

कारखान्यात जाऊन आलो. कोणी बोलावले नव्हते.

लांबलचक टेबल, त्यावर कापडाचे थरावर थर, वर पुठ्ठ्याचे साचे मांडलेले. दोन साच्यांमध्ये बोट जाईल इतकी फट कुठे नव्हती. बाजूला चिंध्या, त्याही अगदी थोड्या. मुलीची आई खडू कानावर खोचून उभी होती.

“सर, तिथं टेकू नका, टाचण्या असतात,” हे तिचे पहिले वाक्य. दुसरे: “उत्तर आणलंत का लेखी?”

“आणीन. आधी पाहायचे आहे.”

तिने कापडाची वीतभर रुंद पट्टी ओढली. “तीन सारखे भाग करायचे. फूटपट्टी घेत बसलं तर दिवस तिथंच जायचा, आणि कापड काही पट्टीचं ऐकत नाही, ताणतं. म्हणून अंदाजानं पहिली घडी.” तिने ती घातली. चुकलेली होती, मलाही दिसले.

“ही चुकली,” मी म्हणालो.

शेजारच्या टेबलावरची बाई हसली. “सर आले नि लगेच चूक काढली!”

“चुकली तर चुकली,” आई म्हणाली. “पहिली चुकणारच. पुढची तिला सावरते. तिची पुढची आणखी.” हात डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. पाचव्या वेळी तिने पट्टी माझ्या हातात दिली. तीन भाग एकावर एक तंतोतंत बसले. चार श्वासांत.

मी विचारले, हे कोणी शिकवले. तिच्या मावशीने, जी याच टेबलावर होती. मावशीला कोणी, ते तिला माहीत नाही. म्हणजे मी ज्याला गणितातील मर्यादा, ‘लिमिट’, म्हणतो, जो विषय प्रगत वर्गाच्या पहिल्या दिवशी मोठ्या गांभीर्याने शिकवतो, तो या टेबलावर माझ्या जन्माआधीपासून रोज कापला जात होता. मंदिरात उभे राहिल्यासारखे वाटले. आणि मशीन इतक्या खडखडत होत्या, की मला कोणाला काही सांगताही आले नाही.

निघताना ती म्हणाली, “सर, तिला घ्या किंवा नका घेऊ. पण तिला येत नाही असं परत कोणी म्हणायचं नाही.”

बुधवार, दि. १३

उरलेल्या आठ पत्रिका तपासल्या. खिशातल्या घड्या, चुरगळलेले कोपरे, एकीवर पाण्याचा डाग. पहिल्यांदाच मी आत पाहिले. तीन निःसंशय पात्र आहेत. त्यांतील एकाने पाचवा प्रश्न माझ्या आदर्श उत्तरापेक्षा चार ओळी कमी वापरून सोडवला आहे. मुलीची धरून चार.

मग हात आपोआप जुन्या गठ्ठ्यांकडे गेला. नऊ वर्षांपूर्वीची एक पत्रिका उघडली. सातही प्रश्न बरोबर. एकही खाडाखोड नाही. मधोमध एक घडी, आणि माझी लाल शाई.

शिपाईमामांना नाव दाखवले. “हा? टायरच्या दुकानात आहे आता. हुशार आहे, सर. गाडीचा आवाज ऐकून सांगतो कुठलं चाक.” मग माझ्याकडे पाहून, “पाणी आणू का?”

उरलेल्या एकतीस उघडण्याचे धैर्य आज झाले नाही.

शुक्रवार, दि. १५

प्रवेश समितीची बैठक. मुख्याध्यापिकाबाई, विज्ञानाचे विभागप्रमुख, भाषेच्या बाई आणि मी. मी सगळे कागद सपाट मांडले. सातवा प्रश्न प्रत्यक्ष करून दाखवला. भाषेच्या बाईंनी तीन वेळा करायला लावला आणि शेवटी स्वतः केला. त्यांच्या चेहऱ्यावर ते उजाडताना मी पाहिले. माझाही चेहरा त्या गुरुवारी असाच झाला असेल का?

विभागप्रमुख म्हणाले, “अहो, सुंदर आहे, कोण नाही म्हणतं? पण नियम तुमचा. अकरा वर्षं आम्ही तो पाळला. पालकांना तोंड आम्ही दिलं. आता तुम्हालाच नको झाला?”

“नियम चुकला.”

“तुमचा?” त्यांना खरेच आश्चर्य वाटले.

“माझा.”

मग ते म्हणाले, “एक करू. या मुलीला अपवाद म्हणून घेऊ. तिच्या घड्या म्हणजे उत्तरच होतं, तो मुद्दा वेगळा. एक जागा कशीबशी काढता येईल. बाकीच्यांचं पुढच्या वर्षी बघू.”

बाकीच्यांचे हे शेवटचे वर्ष आहे, हे त्यांना माहीत आहे. मी होकार देण्याच्या बेतात होतो. मुलगी वाचली असती, नियमही राहिला असता आणि माझे नावही.

मुख्याध्यापिकाबाईंनी विचारले, “सर, जागा चोवीसच का?”

“सहा रांगा, चार बाके. चारही बाजूंना सारखी मोकळी जागा सुटते.”

“म्हणजे खोलीत आणखी बाकं मावतात?”

“छत्तीस मावतील. पण रचना...” मी थांबलो. अकरा वर्षांत हे वाक्य मी कधी मोठ्याने उच्चारले नव्हते. ऐकायला ते फार वाईट होते.

निर्णय तहकूब.

रविवार, दि. १७

काल शाळेत मुलीला नऊ पत्रिकांबद्दल आणि तिच्या अपवादाबद्दल सांगितले. वाटले, आनंद होईल.

“आणि बाकीचे आठ?”

“तीन पात्र आहेत. त्यांचा प्रश्न सध्या...”

“सर, माझी घडी उत्तर होती म्हणून चालली. त्यांची घडी बसमधली. मग त्यांनी काय चुकीचं केलं?”

मी तीस वर्षे मुलांच्या युक्तिवादातील फटी शोधतो आहे. या युक्तिवादात बोट शिरत नव्हते.

ताईला सांगितले. ती भाजी निवडत होती. “मग तू काय करणार?”

“लिहून देणार.”

“तू लिहून देणार म्हणजे समोरच्याची धडगत नाही,” ती म्हणाली, आणि तिने माझी फाइल उचलून पलीकडे ठेवली. “ही आज राहू दे.”

सोमवार, दि. १८

समितीला आज सकाळी दिलेल्या पत्राची नक्कल येथे उतरवून ठेवतो.

‘प्रवेश समितीस,

घडी असलेली उत्तरपत्रिका न तपासण्याचा नियम मी केला. तो मी मागे घेत आहे. त्याने नीटनेटकेपणा मोजला जात नव्हता. घरी फाइल आहे की नाही, एवढेच मोजले जात होते. हे मला शिपायाने पाच तारखेलाच सांगितले होते. मला ते समजायला तेरा दिवस लागले. त्याआधीची अकरा वर्षे मी या हिशोबात धरलेली नाहीत, कारण ती मोजून कुठे मांडावीत हे मला कळत नाही.

या वर्षीच्या नऊ पत्रिका माझ्याखेरीज दोघांनी पुन्हा तपासाव्यात. माझ्या मते चार विद्यार्थी पात्र आहेत. चौघांनाही घ्यावे, एकाला अपवाद म्हणून नव्हे. जागा अठ्ठावीस कराव्यात. सात रांगा, चार बाके. मोकळी जागा कमी होईल, ती मला चालेल. आधीच्या बत्तीस जणांना मी स्वतः पत्रे लिहीन. त्यांना काय लिहावे, याबद्दल समितीचे मार्गदर्शन मिळाल्यास आभारी राहीन, कारण मला ते सुचत नाही.

पात्र विद्यार्थिनीच्या आईला द्यायच्या उत्तराचा मसुदा सोबत आहे: “तुमच्या मुलीचा पेपर तपासला नव्हता. आता तपासला. सातव्या प्रश्नाला दहापैकी दहा. त्याहून जास्त गुण देण्याची सोय नाही, त्याबद्दल क्षमस्व.”

हे पत्र तीन सारख्या भागांत दुमडून पाठवत आहे. पट्टी वापरलेली नाही. पहिली घडी चुकली होती, खूण कागदावर दिसेल. त्या कारणाने पत्र न वाचता परत करू नये.

यादी परवा कायम होते. त्यापूर्वी उत्तर द्यावे. उत्तर लेखी द्यावे.’